बाळाची आकडी आणि आजीचा कांदा

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

आत्याच्या बाळाला जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी आकडी आली असे परळच्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आजी म्हणाली की बाळ नुसते ओठ चाळवत होते, सटवाई त्याला खेळवत असेल, आणि खरी आकडी असती तर हातपाय ताठ झाले असते व कांदा हुंगवल्यावर ती थांबली असती. आपल्याकडे असे का मानतात, आणि बाळ शांत झाल्यावरही त्याच्या डोक्याला तारा का लावून ठेवल्या, असे तू विचारले आहेस.

आजीचे म्हणणे अनुभवातून आलेले आहे. तान्हे बाळ झोपेत हसते, दचकते, ओठ चोखते, आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसते. ते सटवाईवर सोपवून घरातल्या बायका निर्धास्त राहत, हे मला शहाणपणाचेच वाटते. कांद्याचे मात्र तसे नाही. मोठ्या माणसाची आकडी बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप ओसरते, आणि लालबागच्या चाळीत कोणाच्या तरी घरातून कांदा आणून, फोडून नाकाशी धरेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो, म्हणून श्रेय कांद्याला मिळते.

नवजाताची आकडी मात्र एका बाजूला खिळलेले डोळे, एकाच लयीत चालणारे चघळणे किंवा काही क्षण थांबलेला श्वास एवढ्यावरच बहुधा भागते, कारण अंगभर झटके पसरवणारी मेंदूतली जोडणी त्या वयात पुरी झालेली नसते. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे हे तिचे सर्वांत नेहमीचे कारण. रक्तातली साखर किंवा कॅल्शियम उतरल्यानेही ती येते, म्हणून आधी ते तपासतात.

आता मुख्य गोष्ट. मेंदूतल्या पेशींना आवर घालणारे प्रमुख रसायन म्हणजे गॅबा. ते पेशीवरच्या ग्राहकाला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या रेणूला, चिकटले की क्लोराइडच्या ऋणभारित कणांसाठी दार उघडते. मोठ्यांच्या मेंदूत हे कण बाहेरून आत शिरतात आणि पेशी शांत होते. पण दार कोणत्या दिशेने गर्दी जाईल हे ठरवत नाही. सकाळी चर्चगेटला लोकलमधून लोंढा बाहेर पडतो आणि संध्याकाळी त्याच दारांतून आत घुसतो, कारण गर्दी कुठे साठली आहे त्यावर सारे अवलंबून असते. कोवळ्या पेशीत एनकेसीसी-१ नावाचा पंप क्लोराइड आत भरत राहतो आणि ते बाहेर काढणारा केसीसी-२ अजून तुटपुंजा असतो. त्यामुळे गॅबाने दार उघडले की ऋणभार बाहेर जातो आणि पेशी उलट चेतवली जाऊ शकते. उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत येहेझ्केल बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे दाखवले. अर्थात हा उलटेपणा सरसकट नसतो, कारण दार उघडे असताना इतर संदेशांचा जोरही गळतो, म्हणजे चेतवणारा गॅबासुद्धा काही अंशी लगाम घालतोच. ही बाजू लोकप्रिय लेखांत बरेचदा गाळली जाते.

याचा थेट परिणाम औषधांवर होतो. बाळाला दिलेले फिनोबार्बिटोन हे आकडीचे औषध गॅबाचाच प्रभाव वाढवते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत फिनोबार्बिटोनने ४३ टक्के आणि फेनिटोइन या दुसऱ्या औषधाने ४५ टक्के नवजातांची आकडी आटोक्यात आली, म्हणजे दोन्ही निम्म्याच्या आतच. मग एनकेसीसी-१ ला अडवणारे ब्युमेटॅनाइड, जे मुळात लघवी वाढवणारे औषध आहे, युरोपात बाळांना देऊन पाहिले. पुरेसा गुण आला नाही, काही बाळांच्या श्रवणशक्तीला इजा झाली, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. प्रयोगशाळेत चोख बसलेली कल्पना पाळण्यापर्यंत तशीच पोहोचते असे नाही.

तारांचे कारणही इथेच आहे. क्लोराइडचा हा पालट मेंदूच्या सगळ्या भागांत एकाच वेळी होत नाही. मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग आधी परिपक्व होतो, वरचे आवरण मागाहून. म्हणून औषधानंतर ओठ आणि हातपाय थांबतात, पण वरच्या आवरणात विजेची वादळे चालूच राहू शकतात, आणि ती फक्त ईईजीच्या, म्हणजे डोक्याला लावलेल्या तारांतून मेंदूतली वीज टिपणाऱ्या तपासणीच्या, पट्टीवर दिसतात. डोळ्यांना शांत दिसणारे बाळ आतूनही शांत आहे ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर थांबले होते.

आजीला एवढे सांग की बाळ घरी आल्यावर सटवाईची पूजा खुशाल करावी. बाळ पुन्हा असे चाळवू लागले तर हलणाऱ्या हातापायावर अलगद तळवा ठेवून पाहावा: साधे दचकणे बहुधा त्याने थांबते, आकडी थांबत नाही. तशी ती थांबली नाही, किंवा डोळे खिळले, श्वास अडखळला, तर नाकाशी कांदा किंवा तोंडात चमचा न नेता बाळाला कुशीवर वळवावे, मोबाईलवर चित्रण करायला तुला सांगावे, आणि रुग्णालय गाठावे.

तुझा,
बाबा