‘आमच्यानंतर याला कोण बघणार?’

पत्र थोडक्यात असं. चिपळूणहून एका वडिलांनी लिहिलंय. जिल्हा परिषदेत नोकरी, १९९८ पासून. मुलीला बारावीला ७९ टक्के, नीटला ३१२. सीईटीही दिली आहे. तिला रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचंय. वडिलांना वाटतं, एक वर्ष थांबून तिने पुन्हा नीट द्यावी आणि डॉक्टर व्हावं. ते नाहीच जमलं तर ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांचं शिक्षण, घ्यावं. कारण धाकटा भाऊ. तेरा वर्षांचा, ऑटिझम असलेला. ‘घरातच शिकलेलं माणूस असलं की आमच्यानंतरची काळजी मिटली.’ पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत: ‘मला शिरगावला जायचंय. भाऊ माझा खूप लाडका आहे, म्हणून नाही म्हणताना लाज वाटते.’

नमस्कार,

तळाच्या त्या दोन ओळी तुम्ही खोडल्या नाहीत. त्यामुळे तुमच्याशी स्पष्ट बोलता येईल असं वाटतंय.

अभ्यासक्रमांचं आधी उरकते. नीट पुन्हा देता येते. ऑक्युपेशनल थेरपीचे प्रवेशही आपल्याकडे नीटच्याच गुणांवर होतात. बारावीनंतर विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. करायची तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता बघूनच करावी. मत्स्यविज्ञानाची पदवी चार वर्षांची, आणि तिचा रस्ता सीईटीतून जातो. मुलीने ती परीक्षा दिलेली आहे, विषय तिला माहीत आहे, कॉलेज तुमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर आहे. माझ्या मते तिथे अडण्यासारखं काहीच नाही.

मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पत्रात तुम्ही मुलीला काय आवडतं, काय जमतं, यावर एक ओळ लिहिलीत आणि मुलाला पुढे कोण सांभाळेल यावर दीड पान. अठरा वर्षांच्या मुलीची तुम्ही नेमणूक करताय. तिला ती नाकारताही येत नाही, कारण भावावर तिचा जीव आहे. प्रेमाच्या माणसाला असं कोंडीत धरणं बरं नाही. धाक घातला असता तर तिने भांडून तरी घेतलं असतं.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या. तिशी ओलांडलेली, भावासाठी म्हणून विशेष शिक्षिका झालेल्या. दिवसभर शाळेतली मुलं, संध्याकाळी घरी भाऊ, आणि घरातही सगळे त्यांच्याकडे ‘मॅडम’ म्हणूनच बघणार. भावाचा घास भरवतानासुद्धा आपण त्याचा हात कसा वळतोय तेच तपासत असतो, असं सांगताना त्यांना रडू आवरेना. त्यांना नोकरी बदलायची होती, पण घरी ते सांगायची सोय नव्हती. मनापासून या कामात आलेले शिक्षक आणि थेरपिस्ट मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. त्यांना ते काम हवं होतं म्हणून ते त्यात आले. तुमच्या मुलीला ते नकोय. आणि साधी गोष्ट आहे, आपल्याच माणसावर उपचार करणं डॉक्टरही टाळतात.

आता एक गैरसमज, कारण तुमचा सगळा बेत त्याच्यावर उभा आहे. तुम्ही लिहिलंय, ‘तो बोलत नाही, त्याला काही कळत नाही, डॉक्टर झाली तर बरा करेल.’ ऑटिझम हा आजार नाही, तो बरा करणारं औषध नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. झोप लागत नसेल, फिट येत असतील तर अशा त्रासांपुरती औषधं देतात. ऑटिझमसाठी आपल्या मराठीत वापरतात तो ‘स्वमग्न’ हा शब्दही मला नेहमी खटकतो. तो ऐकला की वाटतं, हे मूल स्वतःतच रमलंय, आपण असलो काय, नसलो काय, त्याला फरक पडत नाही. तुमच्याच पत्रातून सांगते. ‘विचित्र सवयी’ म्हणून तुम्ही यादी दिली आहे, त्यात तिसरी अशी: रोज पावणेपाचला तो दारातल्या सगळ्या चपला ओळीने लावतो आणि मध्ये एक जागा मोकळी ठेवतो, तिथे दुसऱ्या कुणी चपला काढल्या की ओरडतो. दोन ओळींनंतर तुम्ही सहज लिहून गेलात की मुलगी कॉलेजातून पाच वाजता येते. साहेब, ती जागा ताईच्या चपलांची आहे. ज्याला काही कळत नाही असं तुम्ही म्हणता, तो घड्याळ न वाचता रोज तिची वाट बघतो. बोलता न येणं आणि न कळणं यांत फार अंतर आहे. चित्रांची कार्डं, टॅबवर बोटाने दाखवून बोलायची साधनं, यांचा त्याला कधी सराव दिलाय का? वाचा-भाषा तज्ज्ञांकडे हे शिकवतात, तेराव्या वर्षीही शिकवतात. लगेच त्याच्यात दडलेली अलौकिक बुद्धी शोधायला मात्र जाऊ नका. अशी मुलं थोडी असतात, आणि त्या अपेक्षेचंही मुलांवर ओझं होतं.

हे घराबाहेर कुणाला माहीत आहे? तुम्ही लिहिलंय की नातेवाइकांना ‘लहानपणी ताप डोक्यात गेला’ असं सांगता, आणि आजी अजून ‘सुनेने नोकरी केली म्हणून असं झालं’ म्हणतात. आजींना एकदा नीट सांगा. १९४३ साली मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांच्या नोंदी करून ऑटिझमचं वर्णन केलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिकडचे शिकलेसवरलेले डॉक्टरही आईच्या कोरडेपणाला दोष देत होते. ते चूक होतं. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आईच्या नोकरीचा काहीही संबंध नाही. तुमच्या पत्नीने तेरा वर्षं हे ऐकून घेतलंय.

आणि तापाची गोष्ट सांगणं आता थांबवा. २ एप्रिलला जागतिक ऑटिझम दिवस असतो, मोठ्या शहरांत इमारतींवर निळे दिवे लागतात, चांगलंच आहे. पण तुमच्या मुलाला उपयोग होईल तो कोपऱ्यावरच्या वाण्याला, रिक्षावाल्याला, शेजारच्या काकूंना खरं माहीत असण्याचा. लग्नात बँजो सुरू झाला की तो कानावर हात ठेवून खाली बसतो, तेव्हा लोक ‘वळण नाही’ म्हणतात आणि म्हणून तुम्ही त्याला नेणं सोडलंत. त्याच्या कानाला तो आवाज खरोखर सोसत नाही. एवढं एक वाक्य यजमानाला आधी सांगा, आवाज अडवणारे हेडफोन द्या, स्पीकरपासून लांबची खुर्ची मागा. दहातले दोघे नाक मुरडतील, बाकीचे खुर्ची सरकवून देतील. तुमच्यानंतर त्याला बघणाऱ्यांत ही माणसंही असणार आहेत, आणि आज त्यांना त्याची ओळखच नाही.

तुमचा प्रश्न खोटा नाही. ऑटिझम असलेल्या मुलाचे आईवडील तो उशाशी घेऊनच झोपतात. पण मुलीच्या पदवीने तो सुटत नाही. त्याची उत्तरं वेगळी आहेत आणि त्यातलं एकही तुम्ही अजून हातात घेतलेलं नाही. ‘शिक्का नको’ म्हणून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही काढलेलं नाही. बाकी बहुतेक दारं त्याच कागदाने उघडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. चौथीत शाळेने ‘आता पाठवू नका’ म्हटलं आणि तुम्ही गप्प बसलात, त्याला आता चार वर्षं झाली. ऑटिझमसारखं दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारने नेमलेल्या नॅशनल ट्रस्टचा कायदा १९९९ पासून आहे. त्याखाली निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि मुलगा १८ चा झाला की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. उद्या ताईच पालक झाली तरी चालेल. त्यासाठी तिला डॉक्टर व्हावं लागत नाही, चोवीस तास घरात बसावंही लागत नाही.

तुम्ही जुन्या पेन्शनमधले. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ऑफिसात आस्थापनेला विचारा आणि निवृत्त होण्याआधी त्याचं नाव व कागद नोंदवून घ्या.

तुम्ही फक्त मुलीच्या करिअरबद्दल विचारलंत, पण घरात मुलं दोन आहेत. मुलीचं तिने ठरवलेलं आहे. वेळ द्यायचा तो मुलासाठी द्या. तो चपला ओळीने लावतो, वेळ पाळतो, जागा लक्षात ठेवतो. या हातांना काय काम जमेल, कपड्यांच्या घड्या, पाकिटं भरणं, रोपवाटिकेतल्या पिशव्या, की आणखी काही, ते आतापासून करून बघायला लागतं. अठराव्या वर्षी एकदम सुरू करायला गेलं तर फार उशीर होतो. बँकेत, बाजारात त्याला सोबत न्या. स्वतःची अंघोळ, स्वतःचं ताट, पैशांची नोट ओळखणं, हेही त्यातच आलं.

शिरगावचा अर्ज मुदतीत भरा. हॉस्टेलला जायची तारीख ठरली की मुलाला आयत्या वेळी सांगू नका, रोजची घडी अचानक मोडली तर त्याचे फार हाल होतील. भिंतीवर मोठ्या चौकटींचं कॅलेंडर लावा. ताई जाणार त्या दिवसावर बॅगेचं चित्र चिकटवा, आणि ती ज्या ज्या शनिवारी घरी येणार, त्या त्या चौकटीत तिच्या चपलांचा फोटो.