ग्रीन बे पॅकर्सच्या तरुण खेळाडूंपैकी कोण पुढे टिकेल, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, नुकतंच बघायला लागलात, पॅकर्स आवडले, पण संघात बघावं तिकडे बावीस-तेवीस वर्षांची पोरं. यातला कोण पुढे येणार आणि कोण दोन वर्षांत घरी जाणार हे आकड्यांवरून कळतं का?

पहिली दोन वर्षं तरी नाही कळत. आकड्यावरून एवढंच समजतं की त्या पोराच्या वाट्याला काय आलं. त्याला काय येतं हे बघायचं असेल, तर चेंडू त्याच्याकडे जात नसतो तेव्हा त्याच्याकडे बघावं लागतं. मी विस्कॉन्सिनमध्ये ॲपलटनला राहतो, इथून ग्रीन बे गाडीने अर्ध्या तासावर. मला ही नजर आली ती एका खेळाडूबद्दल साफ चुकल्यावर.

तो डेव्हान्टे ॲडम्स. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) दुसऱ्या फेरीत, ५३ वा घेतलेला वाइड रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन पास झेलणारा. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सराव सामन्यात संघाचा मुख्य रिसीव्हर जॉर्डी नेल्सनचा गुडघा गेला आणि जेमतेम एक हंगाम खेळलेल्या ॲडम्सवर मोठा भार पडला. त्यात हंगामाच्या सुरुवातीलाच त्याचा घोटा दुखावला. वर्षअखेर ५० झेल, ४८३ यार्ड, एकच टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं), आणि हातातून सुटलेले कितीतरी पास. इकडे जो तो म्हणत होता की याला काढा. मीही म्हणत होतो. पुढच्याच वर्षी त्याने ९९७ यार्ड आणि १२ टचडाऊन केले, आणि २०२० मध्ये १८ टचडाऊन. नंतर मी २०१५ चे सामने पुन्हा बघितले, तेव्हा लक्षात आलं की सुरुवातीच्या रेषेवरून सुटताना समोरच्या कॉर्नरबॅकला, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूला, चकवणारी पावलं त्याच्याकडे तेव्हाही होती. मी फक्त त्याचे हात बघत होतो.

जुलैअखेरीस पॅकर्सचा सराव सुरू होतो आणि काही दिवस लोकांना फुकट बघता येतो. स्टेडियमपासून रे निच्की फील्डपर्यंत खेळाडू गावातल्या लहान मुलांच्या सायकली घेऊन जातात. तीन-साडेतीन मण वजनाचा गडी छोट्या सायकलवर गुडघे फाकवून बसलेला आणि शेजारी त्याचं हेल्मेट छातीशी धरून पळणारं पोर. ते बघायला जाच, पण नंतर कठड्याशी उभं राहून एक रिसीव्हर विरुद्ध एक कॉर्नरबॅक हा सराव बघा. एका वर्षी नवा आलेला एक रिसीव्हर वळायच्या आधी तीन-चार पावलं आखूड टाकायचा आणि छाती उचलायचा. कॉर्नरबॅकला आयती खूण मिळायची, तो त्याच्या आधीच वळलेला असायचा. चेंडू हातात यायचा प्रश्नच नाही. दहा-बारा दिवसांनी मी पुन्हा गेलो, तर छाती खाली, पावलं तेवढीच लांब आणि वळण एकदम. त्या दिवशी त्याने दोन पास सोडले, तरी मला तो आवडला. सांगितलेली गोष्ट पंधरा दिवसांत अंगात मुरवणारा पोरगा मला पास न सोडणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

ख्रिश्चन वॉटसनच्या वेळी मग मी घाई केली नाही. २०२२ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेटमधून आलेला, सहा फूट चार इंच, ४० यार्ड ४.३६ सेकंदांत. मिनेसोटाला पहिलाच सामना, पॅकर्सचा पहिलाच डाव, क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ॲरन रॉजर्सचा लांब पास, समोर कोणी नाही आणि चेंडू हातातून निसटला. त्यावर आठवडाभर चर्चा झाली. पण समोरच्या कॉर्नरबॅकला मागे टाकून तो इतका मोकळा झालाच कसा, यावर फार कोणी बोललं नाही. मोकळं होणं शिकवायला वर्षं जातात, झेल सुधारता येतो. नोव्हेंबरात लँबोवर, पॅकर्सच्या घरच्या मैदानावर, डॅलसविरुद्ध त्याने एका सामन्यात तीन टचडाऊन केले. पुढे मांडीचे स्नायू आणि मग गुडघा यांनी त्याला छळलं, आणि दुखापतीचा अंदाज मात्र कुठल्याच नजरेला येत नाही.

जागेप्रमाणे फूटपट्टी बदलते, हेही धरून चला. क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू रशान गॅरी याला २०१९ मध्ये १२ व्या क्रमांकावर घेतलं, पण त्याच वर्षी त्याच्या जागेवर झदेरियस स्मिथ आणि प्रेस्टन स्मिथ हे दोन तयार गडी आणले होते. पहिल्या वर्षी दोन सॅक (पास फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं), मग पाच, मग साडेनऊ. पहिल्या वर्षाचा आकडा बघून कोणीही नाक मुरडलं असतं, पण त्याला मैदानावर उभं राहायला मिळालं होतं तरी किती?

सगळ्यात अवघड क्वार्टरबॅक. जॉर्डन लव्हला २०२० मध्ये २६ व्या क्रमांकावर घेतलं. त्या वर्षी कोविडमुळे सराव सामने झालेच नाहीत आणि हंगामभर सामन्याच्या दिवशी त्याचं नाव खेळणाऱ्यांच्या यादीत नसायचं. २०२१ च्या नोव्हेंबरात कॅन्सस सिटीला एकदा संधी मिळाली, त्यांनी त्याच्यावर चहूबाजूंनी माणसं सोडली, पॅकर्स १३-७ हरले आणि लोकांनी त्याच्या नावावर फुली मारली. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचवं वर्ष द्यायचं का, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्यात ठरवावं लागतं. पॅकर्सनी ते पाचवं वर्ष न घेता त्याच्याशी एक वर्षाचा वेगळा, त्याहून कमी हमीचा करार केला. म्हणजे तीन वर्षं रोज डोळ्यांसमोर बघणाऱ्यांनाही पूर्ण खात्री नव्हती. २०२३ मध्ये पहिल्या नऊ सामन्यांत तीन विजय. शेवटच्या आठ सामन्यांत लव्हचे १८ टचडाऊन आणि एक इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेला पास), मग प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ हरवलं. मधल्या पडत्या काळात त्याच्यात एकच गोष्ट मला धीर देत होती: चुकीचा पास गेल्यावर पुढच्या डावात तो पुन्हा मैदानाच्या मधल्या भागात फेकायला तयार असायचा. घाबरलेला क्वार्टरबॅक चार यार्डांचे पास टाकून वेळ काढतो.

थांबलं की फळ मिळतंच, असं मात्र नाही. २०१७ मध्ये पॅकर्सनी २९ वा क्रमांक सोडून खाली जाऊन ३३ व्यावर केव्हिन किंग हा उंच, चपळ कॉर्नरबॅक घेतला. मधल्या ३० व्या क्रमांकावर पिट्सबर्गने टी. जे. वॉट नेला, जो विस्कॉन्सिनचाच मुलगा आणि पुढे नावाजलेला बचावपटू. किंगचा खांदा वारंवार दुखावला, आणि चौथ्या वर्षीही चेंडू हवेत असताना मान वळवायला त्याला उशीर व्हायचा. चार वर्षं तीच चूक दिसली की मी आशा सोडतो.

आता तुम्ही ऑगस्टमध्ये काय बघायचं? सराव सामन्यात कोणाविरुद्ध खेळतोय ते आधी बघा. दुसऱ्या अर्धात समोर उभे असलेले बरेचसे आठवड्या-दोन आठवड्यांत काढले जाणार असतात, त्यांच्यावर केलेल्या टचडाऊनला मी फारसं मोजत नाही. चौथ्या फेरीनंतरचा पोरगा असेल तर किकऑफ आणि पंटच्या वेळी (चेंडू लाथेने दूर मारून समोरच्या संघाला दिला जातो तेव्हा) त्याचा नंबर शोधा. संघातल्या शेवटच्या जागा तिथेच ठरतात. महिनाअखेर ९० चे ५३ होतात. काढलेल्या तरुणाला सराव पथकात ठेवता येतं, पण त्याआधी दुसरा कोणताही संघ त्याला उचलू शकतो. म्हणून ज्याला हंगामात खेळवत नाहीत तरी ५३ मध्ये ठेवतात, त्या नावाखाली रेघ मारून ठेवा. संघाला तो दुसऱ्याच्या हाती जायला नकोय. २०२० चा लव्ह असाच त्या ५३ मध्ये बसून होता.