प्रश्न तुमचे: गोंगाटातून डोंगर कसा दिसतो?

प्रश्न: आमच्या गॅलरीतून पारसिकचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात दरडीची धास्ती असते. ‘नॉइज रडार’ गोंगाटातून डोंगराचं त्रिमितीय चित्र काढतं असं वाचलं. हे कसं जमतं? त्याने दरडीची हालचाल कळेल का? (एक वाचक, कळवा)

उत्तर: गोंगाट आपला स्वतःचा असला की जमतं. जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये येई तशी खरखर हे रडार सोडतं आणि तिची एक प्रत जवळ ठेवतं. परतलेल्या लहरींवर ती प्रत पुढे-मागे सरकवत न्यायची; जिथे जुळते तो उशीर. त्यावरून अंतर. तीच खरखर पुन्हा कधी निघत नाही, म्हणून शेजारच्या रडारशी गल्लत होत नाही. खरखरीतल्या कंप्रतांचा (फ्रिक्वेन्सींचा) पट्टा १ गीगाहर्ट्झ रुंद असेल तर १५ सेंटीमीटर पुढे-मागे असलेले दोन दगड वेगळे दिसतात.

पण त्रिमितीचं श्रेय गोंगाटाला देऊ नका, ती अँटेना हलवण्याची करामत. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत रंगारी परांचीवरून भिंतभर आडवे-उभे फिरले, तसा अँटेना फिरवायचा आणि प्रत्येक थांब्यावरची नोंद गणिताने जोडायची. छोटा अँटेना मग भिंतीएवढा होतो. आडव्या सरकण्याने डावं-उजवं सुटं होतं, उभ्याने उंची.

फार बारीक चित्राची आशा मात्र नको. लहर ३ सेंटीमीटर लांबीची आणि अँटेना सरकवायचा रूळ २ मीटरचा धरला, तर ५०० मीटरवर चित्रातला आडवा ठिपका जवळजवळ पावणेचार मीटरचा येतो. तेवढ्यात एखादी खोली बसेल! शिवाय पायथ्याच्या पत्र्याच्या छपराचा दणदणीत प्रतिध्वनी आला की त्याची उरलीसुरली खरखर मागच्या फिक्या खडकाला झाकून टाकते. नोंद जास्त वेळ घेतली की ती दबते, पण तेवढा वेळ समोरचं सगळं स्तब्ध हवं.

हालचालीचं गणित निराळं. खडक रडारकडे दीड सेंटीमीटर सरकला की परतणाऱ्या ३ सेंटीमीटरच्या लहरीची कला (फेज, म्हणजे चढउताराच्या चक्रातली तिची जागा) पूर्ण एक फेरा घेते. त्यामुळे ठिपका कितीही मोठा असो, मिलिमीटरचं सरकणंही पकडता येतं. झाडीवर हे चालत नाही. वाऱ्याने पानं हलली की कला विस्कटते. पावसाळ्यात पारसिक हिरवागार, म्हणजे ऐन गरजेच्या वेळीच पंचाईत. उघड्या कातळावर किंवा लहर परत फेकायला मुद्दाम बसवलेल्या धातूच्या कोपऱ्यांवर भिस्त ठेवावी लागते.

तुमच्या गॅलरीतून उघडा कातळ किती दिसतो, तेवढं आधी कळवा.