थंडीत बाळ किती महिन्यांचं असेल, ते आधी मोज

चि. होणाऱ्या मावशीस,
अनेक आशीर्वाद.

ताईचे दिवस ऑगस्टच्या अखेरीस भरतात आणि बारशाला तुला हातचा स्वेटर, टोपी, मोजे आणि दुपटं न्यायचं आहे. सुलट-उलट तुला येतं, क्रोशाचे खांब येतात. एवढ्यावर हे सगळं होतं. पण लोकर आणायला जाण्याआधी कॅलेंडर काढ. नाशिकला खरी थंडी डिसेंबरात पडेल, तेव्हा बाळ चार महिन्यांचं असेल. पहिल्यांदा विणणारी हमखास नवजात बाळाचं माप धरते. मग स्वेटर पावसाळाभर कपाटात राहतो आणि थंडी येते तेव्हा बाहीत बाळाचा हात शिरत नाही. जन्मतः बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सें.मी. असतं, चौथ्या महिन्यात ते ४१च्या आसपास जातं. छातीही तेवढीच वाढते. म्हणून तू चार-पाच महिन्यांच्या बाळाचं माप धर. थोडं मोठं झालं तर बाही दुमडता येते, लहान झालं तर काही करता येत नाही. (ताई मुंबईत किंवा कोकणात असती, तर लोकरीऐवजी सुती धागाच आण म्हटलं असतं.)

लोकर चार पदरी बेबी वूल घे. ही बहुतेक अॅक्रिलिक असते. धुवायला सोपी आणि टोचत नाही. खात्री करायची तर गालाला नको, मानेला घासून बघ. केसाळ, फुललेली लोकर घेऊ नकोस, तिचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात. स्वेटर, टोपी आणि मोजे मिळून २०० ग्रॅम पुरते. सगळी एकदम घे आणि प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा नंबर, एकच आहे का ते दुकानातच बघ. पांढऱ्यातही दोन लॉटमधला फरक उन्हात दिसतो. सुया १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मि.मी. आपल्याकडच्या नंबरात आकडा कमी तितकी सुई जाड, हे विसरू नकोस; ८ नंबरची सुई ४ मि.मी.ची असते. जुन्या अॅल्युमिनियमच्या सुया पांढऱ्या लोकरीला काळपट करतात, त्या आधी पुसून घे.

आता सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत गरजेचं काम: नमुना. ३६ टाके घाल, एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा ४४ ओळी विण. धू, सपाट वाळव, मग मधल्या भागात १० सें.मी.त किती टाके बसतात ते मोज. कडेचे टाके मोजू नकोस, ते नेहमी वाकडे असतात. २८ टाके आणि ३६ ओळी भरल्या तर पुढचं माझं माप तसंच्या तसं वापर. २६च भरले तर तुझा हात सैल आहे: ७० टाक्यांचा पाठीचा भाग २५ऐवजी २७ सें.मी. होईल आणि पूर्ण घेरात चार सें.मी. वाढतील. अशा वेळी ११ नंबरची सुई घेऊन पुन्हा नमुना कर. हात आवळायला जाऊ नकोस, दहा ओळींनंतर तो परत सैल होतोच.

स्वेटर पुढून उघडाच विण. चार महिन्यांत मान नुकती सावरत असते, डोक्यावरून ओढायचा कपडा बाळाला आणि आईला दोघांनाही नकोसा होतो. पाठीला ७० टाके घाल. दोन सुलट, दोन उलट अशी ३ सें.मी. बॉर्डर, मग साधं विणत एकूण २६ सें.मी. खांद्याला २२, मधे गळ्याला २६, पुन्हा २२. पुढच्या दोन बाजू ३४-३४ टाक्यांच्या. २१ सें.मी.वर गळ्याच्या बाजूला ६ टाके बंद कर, मग एक ओळ सोडून एक टाका असा सहा वेळा कमी कर. खांद्याला २२ उरतील, पाठीशी बरोबर जुळतील. बगलेला टाके कमी करायचे नाहीत, बाही सरळ जोडायची. बाहीला ४२ टाके, ३ सें.मी. कफ, मग दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक वाढवत ६२पर्यंत. कफसकट लांबी १६ सें.मी. दोन्ही बाह्या दोन वेगळ्या गुंड्यांनी, पण एकाच सुईवर एकदम विण. वेगवेगळ्या विणल्या की एक दुसरीपेक्षा चार ओळी लांब निघते आणि ते शिवतानाच कळतं.

गळ्याची पट्टी बंद करताना एका आकारानं जाड सुई घे, १०वर विणत असशील तर ९ची. घट्ट बंद झालेला गळा कितीही ताणला तरी सैल होत नाही, तो उसवावाच लागतो. बटणं सपाट आणि लहान. आतून आणखी एक छोटं बटण ठेवून दोन्ही एकत्र टाच. शिवून झाल्यावर जोर लावून ओढून बघ. गळ्यापाशी रिबीन, गोंडा, मणी यांतलं काही नको.

टोपीला १०२ टाके, कडेचा एकेक शिवणीसाठी. कडेसकट १० सें.मी. झाली की मधल्या १०० टाक्यांचे दहा भाग कर: दर भागात ८ सुलट, मग २ टाके एकत्र विणून एक. पुढची ओळ उलट. मग ७ सुलट, २ एकत्र, असं एकेकाने उतरत दहा टाके उरेपर्यंत. त्यांतून धागा ओवून ओढ. टोपी ३६ सें.मी. घेराची होईल आणि ४१च्या डोक्यावर ताणून नीट बसेल. मोजे सगळ्या ओळी सुलट विणून कर, तळवा ९-१० सें.मी. हात-पायमोजे शिवून झाले की उलटे करून बोट फिरव. आत एखादा सुटा धागा राहिला तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, रक्त अडतं आणि बाळ फक्त रडतं, कारण सापडत नाही. म्हणून रंगीत नक्षीचे हातमोजे मला मुळीच पसंत नाहीत. त्यांच्या आतल्या बाजूला धागेच धागे असतात.

दुपटं क्रोशानं कर, ७५ सें.मी. चौकोन, सुती धाग्यात. जाळीची वीण दिसते सुंदर, पण बाळाची बोटं भोकांत अडकतात. भरीव अर्धे खांब घाल. पायाची साखळी एक आकार मोठ्या सुईवर घाल, नाहीतर खालची कड आवळून दुपटं पंख्यासारखं होतं. प्रत्येक ओळीचे टाके मोज. कडा आत येत चालल्या तर ओळीच्या शेवटी वळणाच्या साखळीतला टाका तुझ्या हातून सुटतो आहे. किनारीला कोपऱ्यातल्या एकाच टाक्यात तीन टाके घाल. कोपरा वाटीसारखा वळला तर टाके कमी पडलेत, लाटा आल्या तर जास्त झालेत.

ताईला हे मात्र सांगून दे: दुपटं मांडीवर, अंगणात, जागं असताना. झोपलेल्या बाळाच्या अंगावर पहिलं वर्षभर सुटं पांघरूण नको आणि घरात झोपताना टोपीही नको. बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात.

पावसाळ्यात लोकर वाळायला दोन दिवस लागतात, त्यामुळे धुणं बारशाच्या आदल्या दिवशी काढू नकोस. थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलवर सपाट पसरायचं. अॅक्रिलिकवर इस्त्री फिरवलीस की वीण चपटी आणि ढिली पडते ती कायमची. ठेवताना जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळ. डांबराच्या गोळ्या कपाटातही नकोत: त्यातल्या नॅफ्थलिननं काही बाळांच्या, विशेषतः जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, त्यामुळे गोळ्यांची गरजही नाही.

ताईच्या सासरी बाळ येण्याआधी कपडे घरात आणत नसतील, तर त्यावर वाद घालू नकोस. सगळं तुझ्याकडेच ठेव आणि बाराव्या दिवशी घेऊन जा. सोबत एक पुडी दे: उरलेली दहा ग्रॅम लोकर, एक जास्तीचं बटण आणि लॉट नंबरची पट्टी. बाहीचा कफ पहिल्यांदा विरतो, तो त्याच लोकरीनं परत विणता येईल.

तुझी,
काकू