वाचकांचे प्रश्न : कंपनीच्या शब्दावर किती विसंबावं?

मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांविषयी इंदूरच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नवा फोन घ्यायचा आहे. थोरला म्हणतो, "आई, ॲपलचाच घे, ते लोक माहिती विकत नाहीत." धाकटा म्हणतो, "साधा अँड्रॉइड पुरे, सगळ्या कंपन्या एकाच माळेचे मणी." कोणाचं ऐकू?
— एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : बाई, आधी पैसा कुठून येतो ते पाहू. ॲपलची मोठी कमाई फोन विकून होते. अँड्रॉइड गूगलचं. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिला २०२३ मध्ये सुमारे ३०७ अब्ज डॉलर मिळाले, त्यातले जवळजवळ २३८ अब्ज जाहिरातींचे होते. गूगल तुमची माहिती पुडी बांधून विकत नाही. ती स्वतःकडे ठेवते आणि तुमच्यापर्यंत पोचायची जागा जाहिरातदाराला विकते. माहिती जितकी नेमकी, तितका जागेला भाव जास्त, म्हणून ती जमवत राहणं गूगलला भागच आहे. इथवर थोरल्याचं पटतं.

त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एका हल्लेखोराचा आयफोन उघडण्यासाठी खास सॉफ्टवेअर मागितलं, तेव्हा ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी ग्राहकांना जाहीर पत्र लिहून नकार दिला. पण हेच कुक जाहिरातींवर चालणाऱ्या धंद्यावर टीका करत असताना, सफारी या ॲपलच्या ब्राउझरमधला शोध आपोआप गूगलकडे जावा म्हणून गूगल ॲपलला पैसे मोजत होतं. २०२२ या एका वर्षात ही रक्कम २० अब्ज डॉलर होती. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात ती उघड झाली. शेजारच्या दुकानाला नावं ठेवायची आणि आपला ओटा त्यालाच भाड्याने द्यायचा, असा हा प्रकार आहे. चीनमधल्या ग्राहकांचा आयक्लाउडचा, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन जागेतला, साठाही ॲपलने २०१८ मध्ये तिथल्या सरकारी मालकीच्या कंपनीकडे सोपवला. म्हणून धाकट्याचं म्हणणंही उडवून लावू नका.

आयफोन घेतलात तर दोन कामं त्याच दिवशी करा. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'खाली सफारी उघडून सर्च इंजिन बदला, शोधणाऱ्याचा माग न ठेवणारं डकडकगो तिथे यादीतच असतं. मग आपल्या नावावर टिचकी मारून आयक्लाउडमध्ये 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' चालू करा. हे बंद असतं तोवर तुमच्या बॅकअपची किल्ली ॲपलकडेही असते. चालू केल्यावर ती फक्त तुमच्याकडे उरते, त्यामुळे २८ अक्षरांची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. पासवर्ड विसरलात आणि तो कागदही हरवला, तर ॲपललासुद्धा फोटो परत देता येणार नाहीत.

अँड्रॉइड घेतलात तर सेटिंग्ज, गूगल, मॅनेज अकाउंट, 'डेटा अँड प्रायव्हसी' या वाटेने 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'वर जा. तिथे ऑटो-डिलीटमध्ये तीन, अठरा आणि छत्तीस महिने असे पर्याय दिसतील. तीन महिने निवडा. मग सेटिंग्जमधल्या गूगलच्याच भागात 'ॲड्स' उघडून जाहिरात-ओळख डिलीट करा. त्यानंतरही जाहिराती तितक्याच दिसतील, फक्त वेगवेगळ्या ॲपमधल्या तुमच्या हालचाली एकमेकींना जोडणं अवघड होईल. जेल रोडच्या दुकानात कॅमेऱ्याच्या आकड्यांआधी एक विचारा: सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचा शब्द दिला आहे. स्वस्त फोनांना पुष्कळदा यापेक्षा बरंच कमी मिळतं. अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचं ॲप चालवू नये.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १४० माणसं आहेत. वर्गणीच्या पावत्या, पत्ते, बँकेचा तपशील सगळं तिथेच पडतं. कोणी टेलिग्रामवर चला म्हणतं, कोणी सिग्नलवर, कोणी स्वदेशी अरट्टाईवर. कुठे जावं?
— मंडळाचे एक कार्यकर्ते, राजवाडा परिसर

उत्तर : टेलिग्राम आधी बाजूला ठेवा. त्याचे संस्थापक पावेल दुरोव्ह सरकारांपुढे न झुकण्याची भाषा करतात, म्हणून तिथे सगळं गुप्त असतं असा समज पसरला. प्रत्यक्षात तिथले साधे संवाद आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड कुलूपबंद, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येऊ नयेत असे, नसतात, किल्ली कंपनीकडे असते. कुलूप फक्त दोघांतल्या 'सीक्रेट चॅट'ला, आणि तेही स्वतः सुरू करावं लागतं. तुमच्या १४० जणांना त्याचा उपयोग शून्य.

अरट्टाई झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीची. तिचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी तेनकाशीच्या खेड्यात बसून कंपनी वाढवली, याचा आम्हाला मनापासून आदर आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये लोक अरट्टाईकडे धावले तेव्हा कॉलना एंड-टू-एंड कुलूप होतं, लेखी संदेशांना नव्हतं. आता घेताना ॲपमध्ये शिरून संदेशांना ते आहे का आणि ग्रुपलाही लागू आहे का, एवढं तपासा.

व्हॉट्सॲपचं कुलूप पक्कं आहे. २०१६ पासून ते सिग्नलच्याच पद्धतीने चालतं. फरक कुलपाबाहेरच्या गोष्टींत आहे: कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोललं. व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन २०१७ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी फेसबुक सोडून गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पाच कोटी डॉलर सिग्नल फाउंडेशनमध्ये घातले. सिग्नल ना-नफा संस्था आहे, जाहिराती घेत नाही. अमेरिकेतल्या न्यायालयाने माहिती मागितली तेव्हा तिच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं केव्हा उघडलं आणि शेवटचं केव्हा जोडलं गेलं. आमच्या मते मूल्यांची खरी कसोटी अशीच लागते. जे जमवलंच नाही ते कोणी मागितलं तरी देता येत नाही.

तरी १४० माणसं एकदम हलवू नका. निम्मे येतील, निम्मे राहतील आणि आरतीची वेळ दोन ठिकाणी टाकावी लागेल. सूचना आणि फोटो व्हॉट्सॲपवरच राहू द्या. पावत्या आणि पत्त्यांसाठी खजिनदारासह पाच-सहा जणांचा सिग्नल ग्रुप करा आणि त्यात संदेश चार आठवड्यांनी आपोआप पुसले जातील असं लावा. हिशेबाची वही मात्र बाहेर ठेवा, कारण फोन हरवला तर सिग्नलच्या पिनने खातं परत मिळतं, जुने संदेश मिळत नाहीत.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करायला प्रत्येकाला सांगा. नेमकी इथेच फट राहते. तुम्ही एकट्याने केलंत आणि बाकी १३९ जणांनी नाही, तर तोच ग्रुप त्यांच्या बॅकअपमधून बिनकुलपाचा साठवला जातो.

प्रश्न : 'वाईट वागू नका' हे गूगलने आपल्या नियमांतून काढून टाकलं, हे खरं का?
— एक विद्यार्थी, भंवरकुआं

उत्तर : नाही. २०१८ मध्ये आचारसंहितेच्या सुरुवातीचा त्यावरचा मजकूर निघाला, शेवटच्या ओळीत ते वाक्य राहिलं. त्यापेक्षा मोठा बदल पुढचा आहे. त्याच वर्षी कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर गूगलने आपली कृत्रिम बुद्धिमत्ता शस्त्रांसाठी वापरणार नाही असं लिहून दिलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते कलम गेलं. त्याची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही, याची खंत वाटते.

प्रश्न : प्रमुख बदलला की कंपनी बदलते का? मायक्रोसॉफ्टचं उदाहरण सगळे देतात.
— एक वाचक, सुखलिया

उत्तर : बदलते, पण पैशाची वाट बदलली असेल तर. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला, म्हणजे विंडोजला पर्याय असलेल्या खुल्या आणि फुकट प्रणालीला, कर्करोग म्हटलं होतं. २०१४ मध्ये त्यांच्या जागी सत्या नाडेला आले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली आणि २०१८ मध्ये तिने साडेसात अब्ज डॉलरला गिटहब हे प्रोग्रामरांचं कोड ठेवायचं संकेतस्थळ घेतलं. नाडेला यांचा स्वभाव वेगळा आहे हे खरंच. पण विंडोजच्या प्रती विकण्याऐवजी अझ्युर या आपल्या क्लाउड सेवेवर संगणक भाड्याने देणं हा धंदा झाल्यावर, भाडेकरू लिनक्स चालवतो की विंडोज याने भाडं बुडत नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे मतं कोणाकडे आहेत. फेसबुकची मूळ कंपनी मेटा हिच्यात झुकरबर्ग यांच्या खास शेअरला दहा मतं, साध्या शेअरला एक. मालकी सातव्या हिश्श्याच्या आसपास, पण मतं निम्म्याहून अधिक. ज्याच्या हाती ससा तो पारधी: बाकी सगळे भागधारक एकवटले तरी त्यांना हटवू शकत नाहीत. अल्फाबेटमध्ये गूगलचे संस्थापक पेज आणि ब्रिन यांचीही दहा मतांची तीच सोय आहे. ॲपलमध्ये एका शेअरला एकच मत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये तर उलटं घडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ना-नफा मंडळाने प्रमुख सॅम ऑल्टमन यांना काढलं, कागदावर तो अधिकार मंडळाचाच होता. बहुतेक कर्मचाऱ्यांनी राजीनाम्याची धमकी दिली, मायक्रोसॉफ्टने सर्वांना नोकरी देऊ केली, आणि पाच दिवसांत ऑल्टमन परत आले.

प्रश्न : सियागंजात आमचं घाऊक मसाल्याचं दुकान आहे. बारा जण फुकटच्या जीमेलवर काम करतात. आता स्वतःच्या नावाचा पत्ता हवा आहे. गूगल, मायक्रोसॉफ्ट की झोहो?
— एक व्यापारी

उत्तर : तिन्ही चालतील. तुमचे लोक एक्सेल वापरत असतील तर मायक्रोसॉफ्ट, खर्च कमी ठेवायचा असेल तर झोहो. त्याआधी बाहेर पडायची वाट बांधून घ्या. डोमेन, म्हणजे दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, तुमच्या नावाने आणि तुमच्या ई-मेलवर नोंदवा. वेबसाइट बनवणारा मुलगा सोयीसाठी स्वतःच्या खात्यात नोंदवतो आणि दोन वर्षांनी तो फोन उचलत नाही, हा घोटाळा सर्रास होतो.

डाक ज्या नोंदीने वळते ती एमएक्स नोंद. आज नवं डोमेन असल्याने ती सरळ भरा. पण पुढे कंपनी बदलायची वेळ आली तर आदल्या दिवशी तिचा टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ लक्षात राहते ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, नाहीतर डाक दिवसभर दोन्हीकडे विखरून पडते. एसपीएफची, म्हणजे तुमच्या नावाने डाक कोण पाठवू शकतो हे सांगणारी, नोंद एकच असू द्या. जुनी न काढता नवी घातली तर दोन होतात, तपासणी फसते आणि तुमची बिलं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जातात. जुनी डाक आयमॅप या डाक उतरवायच्या पद्धतीने नव्या खात्यात येते, पण संपर्क आणि कॅलेंडर येत नाहीत. ते वेगळ्या फाइलींत उतरवून घ्या. गूगल शीट्समधले इम्पोर्टरेंज आणि क्वेरी हे फॉर्म्युले एक्सेलमध्ये चालत नाहीत, तेव्हा उधारीचं शीट आधी एकदा उतरवून बेरजा ताडून बघा.

जीएसटी पोर्टलवर ई-मेल बदलणं किरकोळ (नॉन-कोअर) दुरुस्तीत येतं आणि ओटीपीने पक्कं होतं. ते आणि बँकेचं काम आधी उरका, आणि जुन्या जीमेलवरून नव्या पत्त्याकडे फॉरवर्ड लावा. त्या खात्यात अधूनमधून शिरत राहा, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं आणि जुने व्यापारी कितीतरी दिवस त्याच पत्त्यावर लिहीत राहतात.