दरी आपोआप बुजते का?

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या, हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या मुलांना महिन्याला लाखाच्या वर पगार आहे, तर त्यांच्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीने फीअभावी बारावीनंतर शिक्षण सोडले. देश पुढे जाताना आधी दरी वाढतेच, नंतर ती आपोआप बुजते, असे माझे मेहुणे म्हणतात. अर्थशास्त्राचे मतही असेच आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या मेहुण्यांचे मत अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांच्या १९५५ मधील मांडणीवरून आलेले दिसते. माणसे शेतीतून उद्योगाकडे वळू लागली की विषमता प्रथम वाढते आणि पुढे घटते, असा त्यांचा कयास होता. मात्र त्यात पाच टक्के माहिती आणि पंच्याण्णव टक्के तर्क आहे, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली होती, जी त्यांचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत. पुढे १९८० नंतर अमेरिका आणि ब्रिटनसारख्या श्रीमंत देशांतही विषमता पुन्हा वाढली. उलट तैवान आणि दक्षिण कोरियाने १९५० च्या आसपास जमिनीचे फेरवाटप केले आणि तुलनेने कमी विषमता राखूनच झपाट्याने प्रगती केली. अर्थात ब्राझीलसारखे देश मोठी विषमता असतानाही काही काळ वेगाने वाढले, हेही खरे.

म्हणून दरी किती आहे यापेक्षा ती कशामुळे पडली, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कौशल्याला जास्त मोबदला मिळाला तर इतरांनाही शिकावेसे वाटते, आणि तेवढी तफावत आर्थिक वाढीला पोषकच असते. परंतु शैक्षणिक कर्ज देताना बँक पालकाच्या उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि चार घरची कामे करणाऱ्या मावशींकडे पगाराची चिठ्ठी कुठून असणार? मुलगी हुशार असूनही शिकत नाही, तेव्हा नुकसान तिच्याबरोबर अर्थव्यवस्थेचेही होते.

राहिला प्रश्न श्रीमंतांकडून कर घेतल्याने वाढ मंदावते का, हा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा बेताच्या पुनर्वाटपाने, म्हणजे श्रीमंतांकडून कर घेऊन गरिबांना मदत केल्याने, वाढीला बाधा आल्याचे त्यांना आढळले नाही. आपल्याकडचा दाखला तर पगारपत्रकावरच असतो. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबांना सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा आग्रह धरला होता. महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. आजही बहुतेक पगारदारांच्या खात्यातून तो वर्षाला २,५०० रुपये कापला जातो, आणि त्यामुळे हिंजवडी उभी राहायची थांबली नाही.

त्या मुलीविषयी एक सुचवतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना राज्य शासनाने २०२४–२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. ती यात बसत असेल, तर मावशींना उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कार्यालयात सोबत घेऊन जावे. अर्ज भरायला आपल्या सोसायटीतील एखादा मुलगा नक्कीच मदत करील.