रोबो चांगलेच जॉब बाद करतोय, लिमिट ढिली करायची का?

प्रश्न : आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पंप हाउसिंगचं मशीनिंग होतं. वॉशिंग मशीनच्या लगेच पुढे रोबो बसवलाय, तो कॅमेऱ्याने सरफेस बघतो आणि लेझरने 80 मिमीचं बोअर (गोल भोक) मोजतो. पण रोज ढीगभर जॉब (म्हणजे पार्ट) एनजी, म्हणजे खराब, म्हणून बाजूला पडतात आणि आम्ही नंतर हाताने तपासले की बरेचसे ओके निघतात. साहेब म्हणतात लिमिट ढिली करा, लाइन अडतेय. करावी का? आणि हे एकदा नीट चाललं की आम्हा इन्स्पेक्शनवाल्यांचं काय?

उत्तर : लिमिटला हात लावू नका, आधी जॉब कुठल्या अवस्थेत रोबोसमोर येतो ते बघा. ‘नंतर तपासले की ओके’ असं तुम्हीच लिहिलंय, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे, कारण तोपर्यंत जॉब थंड झालेला असतो आणि पाण्याचे डागही वाळलेले किंवा पुसलेले असतात. ड्रॉइंगवरची मापं 20 अंश सेल्सिअसला धरलेली असतात आणि अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं, म्हणजे जॉब नुसता 10 अंशांनी गरम असला तरी तुमचं बोअर 18 मायक्रॉनच्या आसपास मोठं दिसणार, आणि एच7 फिट (भोकाच्या मापाचा एक ठरलेला दर्जा) असेल तर अख्खी टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, 30 मायक्रॉन! यात रोबोची काय चूक? वॉशरनंतर एअर ब्लो आणि थोडं कूलिंग द्या, नाहीतर जॉबचं टेंपरेचर मोजून रीडिंगमध्ये करेक्शन घाला.

डागांचा इलाज लाइटमध्ये आहे. समोरून एकच लाइट मारला तर डाग आणि ब्लो होल (कास्टिंगमधला हवेचा खड्डा) दोन्ही काळेच दिसतात. तोच लाइट आळीपाळीने चार बाजूंनी, तिरका मारून चार फोटो घेतले तर खड्ड्याची सावली जागा बदलते, डाग मात्र जिथल्या तिथे राहतो. सॉफ्टवेअर बदलायच्या गप्पा त्यानंतर.

मग स्टेशनची परीक्षा घ्या. माहितीतले खराब, माहितीतले चांगले आणि मुख्य म्हणजे काठावरचे जॉब नंबर टाकून वेगळे ठेवा, तेच पुन्हा पुन्हा चालवा, एकच जॉब कधी ओके कधी एनजी येत असेल तर मोजमापच भरवशाचं नाही. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डमध्ये एमएसए (मोजमापाच्या पद्धतीचीच तपासणी) सक्तीचं आहे ते याचसाठी, फक्त ऑडिटच्या आदल्या दिवशी फाइल भरायला नाही. हे सगळं करूनही लिमिट बदलावीशी वाटली तर बदला, पण बदलल्यावर माहितीतला एकही खराब जॉब सुटता कामा नये. चांगला जॉब बाद झाला तर तो परत तपासता येतो, गळका पंप गाडीत बसला तर रस्त्यात कुणीतरी अडकतं.

नोकरीचं म्हणाल तर लाइनवर उभं राहून नुसतं बघायचं काम कमी होणार, त्यात शंका नाही. पण कुठली पोरोसिटी (धातूतली बारीक छिद्रं) चालते आणि कुठली सीलिंग फेसवर लीक देते हे तुम्हाला माहीत आहे, रोबोला ते कुणीतरी शिकवावंच लागतं, म्हणून लिमिट सॅम्पल (काठावरचे नमुने) ठरवणं, फोटोंना ओके-एनजीचं लेबल लावणं, दर शिफ्टला खराब सॅम्पल चालवून स्टेशन तपासणं ही कामं आत्ताच मागून घ्या, कंपनीने बाहेरचा माणूस आणायच्या आधी.